सत्काराआधी सर्टिफिकेट मिळणार नाही

माणसं मला शिस्तीचे सर म्हणतात. निवृत्तीच्या दिवशी सात जणांनी भाषणं केली आणि सातही जणांच्या तोंडी हाच शब्द होता. मी गळ्यात हार घालून मान डोलवत बसलो होतो. त्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेतून एखाद्यानं उठून विचारायला हवं होतं, "सर, त्या पोरीचं काय केलंत?" पण निरोप समारंभाला असं कुणी विचारत नाही. सगळे गोडगोड बोलतात, अल्पोपाहार घेतात आणि घरी जातात. तेव्हा आपलं आपणच विचारलेलं बरं.

मी तुळजापूर तालुक्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवत होतो. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण यात कॉलेजचा दोष नाही. भूगोल पोटासाठी होता. जीव सगळा एनसीसीत. पोरापोरींची तुकडी माझ्या ताब्यात होती, खाकी वर्दीवर खांद्याला दोन तारे होते, आणि परेडच्या दिवशी मी मैदानात उतरलो की स्टाफरूमच्या खिडकीतून "आले, सेनापती आले" असा आवाज यायचा. चिडवायचे मला. त्यांना वाटायचं मला राग येतो. मला ते मनापासून आवडायचं.

एनसीसीत अकरावी-बारावीची दोन वर्षं काढली, कॅम्प केला, परीक्षा दिली, की 'बी' सर्टिफिकेट येतं. पोरांच्या ते लई कामाचं. भरतीला उपयोगी पडतं, काही ठिकाणी प्रवेशाला त्याचे जादा गुण धरतात. ही सर्टिफिकेटं बटालियनकडून गठ्ठ्यानं माझ्याकडं यायची आणि सुरुवातीला मी ती आली त्याच दिवशी वाटून मोकळा व्हायचो. मग उन्हाळ्यानंतर, बारावी करून पुढं शिकायला निघालेल्या कॅडेट्सचा सत्कार ठेवायचो, तर हॉलभर खुर्च्या आणि त्यांवर पाच-सहा पोरं. गरज सरो, वैद्य मरो. एका वर्षी संस्थेचे अध्यक्ष माइकवरून म्हणाले, "सरांची फौज सीमेवर गेलेली दिसतीय." हॉल हसला. प्राचार्य हसले. शिपाई हसला, आणि तो तर माझ्याकडं बघून हसला.

मी त्याच दिवशी नियम केला. सर्टिफिकेटं लोखंडी कपाटात, कपाटाची एकुलती एक किल्ली माझ्या खिशात. जो सत्काराला येईल, पूर्ण वर्दीत येईल, आईबापाला घेऊन येईल, त्याला स्टेजवर पाहुण्यांच्या हस्ते सर्टिफिकेट मिळेल. आधी कुणालाही नाही. मग तो कलेक्टरचा पोरगा असो. पुढच्या वर्षी हॉल खच्चून भरला. पालक भिंतीला टेकून उभे होते. अध्यक्ष म्हणाले, "शिस्त म्हणतात ती ही." तेव्हापासून तो आमच्याकडचा रिवाजच झाला, आणि आसपासच्या एकदोन कॉलेजांनी तो उचललासुद्धा. पोरं येतात ती प्रेमानं येत नाहीत, कपाटासाठी येतात, हे मला कळत होतं. पण भरलेल्या हॉलमध्ये असले विचार टिकत नाहीत.

आता ती पोरगी. अणदूरची. घरी मेंढरं. बाप मेंढरामागं, थोरला भाऊ पुण्याला कुठल्याशा गोदामात. ती रोज एसटीनं यायची. अकरावीला परेडच्या पहिल्या दिवशी ती उजव्या पायाबरोबर उजवाच हात पुढं टाकत होती. नव्या पोरांचं तसं होतं. सगळी रांग तिच्याकडं बघून हसली, आणि मी हसणाऱ्यांना गप्प करायचं सोडून तिला एकटीला मैदानाभोवती तासभर चालवलं. बाकीच्यांना बसवून बघायला लावलं. मला वाटलं, ही काही पुन्हा तोंड दाखवत नाही. पुढच्या परेडला ती सगळ्यांच्या आधी येऊन उभी होती आणि हात-पाय बरोबर पडत होते. "कुठं शिकलीस?" म्हणालो. म्हणाली, "मेंढराम्होरं चालत शिकले, सर."

बारावीला मी तिला तुकडीची कमांडर केली. मेंढरं वळवून तिचा आवाज असा तयार झाला होता की ती मैदानात 'सावधान' म्हणाली की फाटकाबाहेरून जाणारा माणूससुद्धा पाठ ताठ करायचा. मी सगळीकडं सांगत फिरायचो की हिला मी घडवली. खरं म्हणजे मी तिला एकच गोष्ट शिकवली होती: हुकूम झाला की 'का' विचारायचं नाही. माझ्या अख्ख्या नोकरीत माझं शिकवणं इतकं पुरतं कुणी शिकलं नसेल.

तिला कृषीची पदवी करायची होती. बापाची अट साधी होती. सरकारी कॉलेजला नंबर लागला तर जा, तिथं पोरींचं वसतिगृह असतं, सरकारचं ध्यान असतं. नाही लागला तर मेंढरं आहेतच. दुसरं कॉलेज नाही, पुढच्या वर्षी पुन्हा बघू नाही. तिला बारावीला आणि प्रवेश परीक्षेला चांगले गुण होते, पण असे की यादीच्या कडेला लटकतील. मागच्या वर्षीची यादी शोधून, कागदावर बेरीज मांडून ती मला दाखवायला आली होती. एनसीसीचे जादा गुण धरले तर नाव आत. न धरले तर बाहेर. हे तिनं मला माझ्या टेबलासमोर उभं राहून सांगितलं, आणि मी "शाब्बास" म्हणालो. तेव्हा मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

त्या वर्षी माझ्या डोक्यात मात्र वेगळंच होतं. माझ्याच तुकडीतला एक जुना कॅडेट सैन्यात मेजर झाला होता. आमच्या कॉलेजातून गेलेला पहिला अधिकारी. त्याच्या हस्ते सर्टिफिकेटं द्यायची, तो वर्दीत, मी वर्दीत, मध्ये पोरं, आणि हा फोटो पेपरात, एवढंच मला दिसत होतं. त्याची सुट्टी एकदा ठरली आणि रद्द झाली. मी सत्कार पुढं ढकलला. दुसऱ्यांदा ठरली, पुन्हा रद्द. मी पुन्हा ढकलला. प्राचार्य म्हणाले, "अहो, तहसीलदारांना बोलवू आणि उरकून टाकू. पोरांचे प्रवेश चालू झालेत." मी म्हणालो, "तहसीलदार दर पंधरा ऑगस्टला असतातच की."

सर्टिफिकेटं आल्याचं पोरांना कसं कळतं देव जाणे. दुसऱ्याच दिवशी ती दारात.

"सर, सर्टिफिकेट आलंय म्हणं."

"आलंय. सत्काराला मिळेल."

"सत्कार कधी हाय, सर?"

"मेजरसाहेबांची सुट्टी ठरली की कळवतो."

ती म्हणाली, "सर, फॉर्मसंगं अपलोड करायचंय. पुढच्या शुक्रवारपर्यंत मुदत हाय. सर्टिफिकेट तुमच्यापाशीच राहू द्या. मी नुसता मोबाइलवर फोटो काढते. आत्ता तेवढ्यानं भागतंय, अस्सल नंतर दाखवायचंय."

कपाट माझ्या खुर्चीपासून हाताच्या अंतरावर होतं. किल्ली खिशात. उठायचं, उघडायचं, गठ्ठ्यातनं तिचं काढायचं, फोटो, पुन्हा बंद. दोन मिनिटांचं काम. मी बसून राहिलो.

"आणि संध्याकाळी तो फोटो तुझ्या स्टेटसला दिसेल," मी म्हणालो. "उद्या बाकीचे सगळे माझ्या दारात."

"न्हाय टाकत, सर. शप्पथ."

"एकाला दिलं की सगळ्यांना द्यावं लागतं. आणि तू कमांडर आहेस. नियम मोडायची सुरुवात कमांडरनंच करायची का?"

हे वाक्य मला बोलताबोलता सुचलं आणि ते फार आवडलं. तिच्यावर ते लागू पडणार हे मला माहीत होतं. तिनं टाचा जुळवल्या. "नाही, सर," म्हणाली, आणि वळून गेली. मधल्या सुट्टीत मी हे स्टाफरूममध्ये रंगवून सांगितलं. म्हणालो, बघा, याला म्हणतात कॅडेट. एका मॅडमनी डबा खाताखाता विचारलं, "पण सर, तिच्या प्रवेशाचं काय?" मी म्हणालो, "मॅडम, मुदत वाढते."

इथं माझ्या चुकीचं मूळ आहे. ती चूक माझी एकट्याची नाही, आमच्या सगळ्या मुलखाची आहे. ऑनलाइन फॉर्मची शेवटची तारीख म्हणजे खरी तारीख नव्हे, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. शेवटच्या दिवशी वेबसाइट बसते, पोरं बोंबलतात, पुढारी निवेदन देतात आणि संध्याकाळी मुदतवाढीचं पत्र व्हॉट्सॲपवर फिरतं. एकदा वाढते, दोनदा वाढते. पहिल्या मुदतीत फॉर्म भरणाऱ्याला आम्ही उतावळा नवरा म्हणतो. मी आयुष्यभर हेच बघितलं होतं. तेव्हा मुदत वाढेल असं मला वाटलं, हे खरं आहे. पण ती वाढली नाही तर काय, हा प्रश्न मी मनात येऊच दिला नाही, हे जास्त खरं आहे. नुकसान होणार असतं तर ते माझं होणार नव्हतं.

पुढच्या मंगळवारी ती बापाला घेऊन आली. मेंढरं कुणाच्या तरी हवाली करून तो आला होता. उन्हानं रापलेला, किडकिडीत माणूस, अंगात इस्त्री मोडलेला पांढरा सदरा. खुर्चीवर बसा म्हणालो तर बसेना. लेक एक पाऊल मागं उभी.

"सर, तेवढा कागद द्या की ओ लेकराला," तो म्हणाला. "दोन दिस झालं, जेवना धड."

त्याला हाकलणं सोपं होतं. पण मी तसलं काही केलं नाही. मी शिपायाला चहा सांगितला. त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मामा," मी म्हणालो, "तुमची लेक माझी बेस्ट कॅडेट आहे. मेजरसाहेब खास तिच्यासाठी येणारेत. तिला स्टेजवर बोलवणार, सगळ्या लोकांसमोर सर्टिफिकेट देणार. तुम्हालाही स्टेजवर घेणार, फेटा बांधणार. आणि तुम्ही ते असं चोरासारखं कपाटातनं काढून नेता?"

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्या माणसाला आजवर कुणी कुठल्या स्टेजवर बोलावलं नव्हतं.

"मला बी? फेटा?"

"तुम्हाला नाही तर कुणाला? बाप कोण आहे?"

तो लेकीकडं वळला. "मंग कार्यक्रमातच घी की. साऱ्या गावाम्होरं घेशील. सर काय तुझं वाईट करत्यात व्हय?"

"आप्पा, शुक्रवारी मुदत—"

"सरांना कळत न्हाय का ते? गप."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी चहाचा कप तिच्या बापापुढं केला. दोघं गेल्यावर मी स्वतःवर खूश होतो. भांडायला आलेला माणूस माझ्याच बाजूनं बोलून गेला होता, आणि मला आवाजसुद्धा चढवावा लागला नव्हता. आता ते आठवलं की स्वतःचीच शिसारी येते. मारकुट्या मास्तरनं मारलं तर निदान वळ तरी दाखवता येतात. मी केलेलं काहीच दाखवता येत नव्हतं, उलट चहा पाजला होता.

बुधवारी मेजरचा फोन आला. सुट्टी पक्की. पुढच्या आठवड्यात सत्कार. म्हणजे मुदत आधी, सत्कार नंतर. मला हे लगेच दिसलं आणि मी म्हटलं, वाढेल मुदत.

शुक्रवारी सकाळी मी एसटी धरून धाराशिवला गेलो, फ्लेक्स छापायला. किल्ली नेहमीसारखी खिशात. आमच्या गावातही फ्लेक्सवाला होता, पण त्याचे रंग फिके येतात. धाराशिवच्या दुकानात संगणकापुढं मी खुर्ची ओढून बसलो. वर मोठ्या अक्षरात 'उच्च शिक्षणासाठी निघालेल्या कॅडेट्सचा गुणगौरव सोहळा'. एका बाजूला मेजर, दुसऱ्या बाजूला अध्यक्ष, खाली पोरांचे ओळखपत्रावरचे फोटो, आणि प्रत्येक फोटोखाली तो काय शिकायला चालला ते. माझा फोटो कोपऱ्यात बारीक दिसत होता, तो जरा वर घ्यायला सांगितला. तेवढ्यात तिचा फोन आला. बाराचा सुमार असेल.

"सर, आज पाचला बंद होतंय."

"मुदत वाढणार आहे. घाबरू नको."

"सर, कॅफेवाले म्हणत्यात, औंदा न्हाय वाढणार. तसं पत्र आलंय."

"कॅफेवाल्याला जास्त कळतं का मला?"

तिच्या मागं गाड्यांचा आवाज येत होता. मग म्हणाली, "सर, तुम्ही कुठं हाव? मी येते तिथं. किल्ली घेते, शिपाईकाकाम्होरं कपाट उघडते, फोटो काढते आन् बंद करते. किल्ली उद्या आणून देते."

"मी धाराशिवला आहे."

"मी येते, सर. बस मिळती आत्ता."

ती आली असती. येऊन, किल्ली घेऊन, परत जाऊन पाचच्या आत तिनं ते केलंही असतं. ती तसली पोरगी होती. म्हणूनच मला राग आला. मी दुकानात ओरडलो, "कपाटाची किल्ली कॅडेटच्या हातात देत असतात का? काय समजलीस काय तू?" फ्लेक्सवाल्यानं मान वर करून बघितलं. फोनमधून "हो, सर," असं आलं. फोन मी ठेवला. सरांच्या आधी फोन ठेवायची तिची रीत नव्हती.

फ्लेक्सवाल्यानं माउस तिच्या फोटोवर नेला. पहिल्या रांगेत पहिला फोटो तिचा होता. "हिच्याखाली काय लिहू?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, "कृषी पदवी."

चार वाजेपर्यंत मी तिथं होतो. मेजरचं नाव अध्यक्षांच्या नावापेक्षा मोठं नको, म्हणून ते दोनदा लहान-मोठं करून झालं. मध्ये शेजारच्या गाड्यावर भजी खाल्ली. पाच वाजले तेव्हा मी परतीच्या गाडीत फ्लेक्सची गुंडाळी मांडीवर उभी धरून बसलो होतो, आणि आत्ता पत्र येईल म्हणून व्हॉट्सॲप बघत होतो.

मुदत वाढली नाही. कशी काय नाही वाढली, याचं मला आजही आश्चर्य वाटतं, आणि ते वाटतं याची लाजही वाटते. तिचा फॉर्म एनसीसीच्या गुणांशिवाय गेला. एकदा भरलं ते भरलं, मागाहून काही जोडता येत नव्हतं. सत्काराच्या दोन दिवस आधी यादी लागली. जेवढ्या गुणांनी तिचं नाव बाहेर राहिलं, ते एनसीसीच्या जादा गुणांहून कमी होते. तिनं मला मेसेज केला, "सर, यादीत नाव नाही." मी तो वाचला. मग लिहिलं, "ओके. परवा सकाळी आठला. वर्दी पूर्ण."

ती आठला हजर होती.

सोहळा मात्र असा झाला की आमच्या कॉलेजात ना आधी झाला ना नंतर. मेजर फाटकातून आत आला तेव्हा पोरांनी त्याला मानवंदना दिली. कमांड तिची. आवाजात तसूभर फरक नाही, पाऊल तसूभर इकडंतिकडं नाही. मेजर माझ्या कानाशी म्हणाला, "सर, ही पोरगी आमच्याकडं पाहिजे." मी म्हणालो, "आपल्याच हाताखाली तयार झालीय." मग हॉल. अध्यक्षांचा सत्कार, प्राचार्यांचा सत्कार, सत्कार करणाऱ्यांचा सत्कार. शाली, नारळ, टाळ्या. पालकांत तिचा बाप पुढच्या रांगेत बसला होता, शब्द दिल्याप्रमाणं फेटा बांधलेला. मान हलवली तर फेटा सुटेल या धाकानं तो एकदम सरळ बसला होता. शेजारी तिची आई, पदर दोन्ही हातांनी धरून.

सूत्रसंचालन माझं होतं. पहिलं नाव तिचं पुकारलं. ती कडक पावलांनी आली, सलाम ठोकला. मेजरनं सर्टिफिकेट तिच्या हातात दिलं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच, पण लाल रिबीन बांधून दिलं की घोडंसुद्धा वेळेवर आल्यासारखं दिसतं. सगळं इथंच संपलं असतं. पण मेजर मनमोकळा गडी. त्यानं मागं फ्लेक्सकडं बघितलं, तिच्या फोटोखालचं वाचलं आणि माइक तिच्यापुढं धरला.

"कृषी पदवी! व्वा! कुठलं कॉलेज मिळालं?"

तिनं तोंड उघडलं. ती खरं बोलणार होती, कारण खोटं बोलायला मी तिला शिकवलं नव्हतं. मी दोन पावलं पुढं आलो आणि माइक घेतला.

"सरकारी कृषी महाविद्यालय!" मी म्हणालो. "आमची ही मेंढपाळाची लेक, आमची वाघीण, शेतकऱ्यांची सेवा करायला चालली आहे! जोरदार टाळ्या!"

टाळ्या अशा पडल्या की पत्रे वाजले. तिचा बाप उभा राहून टाळ्या वाजवत होता आणि रडत होता. यादीचं तिनं अजून घरी सांगितलं नव्हतं, हे मला त्याच्याकडं बघून कळलं. ती सावधानमध्ये उभी होती, नजर समोरच्या भिंतीवर. कॅमेरावाला "इकडं बघा, इकडं बघा" करत होता. पेपरात तोच फोटो आला.

कार्यक्रमानंतर मागच्या व्हरांड्यात जेवण होतं. मेजर आणि अध्यक्ष आत प्राचार्यांच्या खोलीत बसले होते. मी हातात ताट घेऊन उभा होतो, तेवढ्यात ती तिघं आली. बाप पुढं, आई मागं, तिच्या मागं ती. बापानं माझं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

"सर, तुमच्यामुळं दिस बघितला ह्यो. आता तेवढं सांगा, पोचवाया कवा जायाचं? गादी-बिदी घरनं न्यावं लागती, का तितं मिळती?"

माझ्या तोंडात घास होता, पण गिळायला इतका वेळ लागत नाही.

"आप्पा," ती मागून म्हणाली, "माझा नंबर लागला न्हाय."

"आगं, आत्ता सर म्हणले की."

"न्हाय लागला, आप्पा."

तो माझ्याकडं बघायला लागला. तीही. तिनं माझ्याकडं एकदाच बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, हे मला जास्त झोंबलं. ती फक्त मला बोलायला जागा देत होती. एक वाक्य पुरलं असतं. मामा, चूक माझी आहे, पोरीची नाही. व्हरांड्यात माणसं होती, मास्तर होते, पोरं होती. मी ताटाकडं बघितलं.

मग तीच बोलली. "सरांना ठावं नव्हतं," ती बापाला म्हणाली. "माझेच मार्क कमी पडले."

बापाचा चेहरा काळाठिक्कर पडला. नंबर गेला याचं दुःख त्याला नंतर झालं असेल. त्या घडीला त्याला फक्त माझ्यासमोर लाज वाटत होती. त्यानं फेटा उतरवून काखेत धरला.

"सरांनी एवढं केलं तुझ्यासाठी," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चढत गेला. "एवढ्या मोठ्या सायबाम्होरं तुझं नाव घेतलं. आन् तू त्यांना तोंडघशी पाडलंस? दोन वर्सं एसटीनं हिंडली ती कशाला मंग? घरात सांगाया तोंड नव्हतं व्हय तुला? बास झालं तुझं शिकणं. उद्यापासनं मेंढरामागं." आजूबाजूची माणसं बघायला लागली. आईनं पदर तोंडाला लावला. तो माझ्याकडं वळला आणि त्यानं हात जोडले. "माफी करा, सर. पोरीनं तुमची इज्जत घालवली."

"जाऊ द्या, मामा," मी म्हणालो. "सगळ्यांनाच जमत नसतं."

"तुमचं मन लई मोठं हाय, सर." त्यानं डोळे पुसले आणि लेकीला म्हणाला, "बघती काय? पाया पड सरांच्या."

अंगावर वर्दी असताना कॅडेटनं कुणापुढं वाकायचं नसतं. ती वाकली, आणि मी तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला.